मिस्त्रींनी बांधलेलं अर्धं चर्च

"चर्च भरलेलं दिसायला हवं ना? मग दिसेल. तुम्ही निर्धास्त राहा, ते माझ्यावर सोडा."

असं म्हणून मिस्त्रींनी चहाचा कप अशा थाटात बशीत ठेवला, की काम झालंच आहे आणि आता लोकांनी येऊन फक्त कौतुक करायचं बाकी आहे. समोर बसलेल्या फादरांना हायसं वाटलं. शेजारच्या खुर्चीवरच्या ऑर्गनवाल्या बाईंना मात्र मुळीच वाटलं नाही. ऑर्गन त्या दर रविवारी चर्चमध्ये वाजवत, पण जन्म गेला होता मुख्याध्यापिकेच्या नोकरीत. 'माझ्यावर सोडा' म्हणणारी मुलं पुढे काय करून ठेवतात ते त्यांना पाठ होतं.

प्रकरण असं होतं. जुने बिशप वय झालं म्हणून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे आले. नवे बिशप तरुण होते, म्हणजे बिशपांच्या मानाने तरुण. डोक्यावर केस होते आणि त्यांतले निम्मे काळे. नेमणुकीची बातमी आली त्या दिवसापासून चर्चमध्ये जितकी माणसं तितकी मतं झाली. मिस्त्रींची बायको फोटो बघून म्हणाली, "चेहरा हसरा आहे हो." बाई म्हणाल्या, "पहिलं वर्ष सगळेच हसतात." निवृत्त पोस्टमास्तर तिसऱ्या खांबाला टेकून गेली कित्येक वर्षं एकाच जागी बसत. ते म्हणाले, "बरेच बिशप पाहिले मी. एकानेही माझी जागा हलवली नाही. हाही हलवणार नाही."

मग बिशपसाहेबांनी जाहीर केलं, की ते एकेका चर्चमध्ये जाऊन रविवारची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, स्वतः करणार आहेत. जिथे माणसं उरली नाहीत ती चर्चं पुलापलीकडच्या मोठ्या चर्चला जोडली जातील. जोडणार हा शब्द मऊ होता, पण त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. दाराला कुलूप लागणार आणि म्हातारी माणसं बस बदलून देवाकडे जाणार.

ही बातमी सगळ्यांत जास्त लागली ती मिस्त्रींना. चर्चमधली सगळी बाकं त्यांच्या वडिलांच्या हातची होती. प्रवचनाचा चौथरा, पापनिवेदनाची खोली, मेणबत्त्यांची घडवंची ही स्वतः त्यांच्या हातची. लोक चर्चमध्ये गुडघे टेकत तेव्हा मिस्त्रीही टेकत, पण त्यांचं बोट समोरच्या बाकाच्या सांध्यावरून फिरत असे. इतक्या वर्षांत एक सांधा उघडला नव्हता. देवाची भक्ती होतीच, पण त्याचं घर आपण सांभाळलंय याचा अभिमान त्याहून थोडा जास्त होता, आणि हे देवालाही माहीत असावं.

अडचण एवढीच, की घर राहिलं आणि माणसं गेली. चर्च बांधलं तेव्हा लोक दाराबाहेर उभे राहायचे. आता रविवारी साठ-सत्तर टाळकी जमली तरी फादर खुश व्हायचे. कुणाची मुलं दूरच्या गावी गेली, कुणाला रविवारी झोप आवरत नाही, कुणाचं फादरांशी नाही तर देवाशी बिनसलं. ही मंडळी बाप्तिस्म्याला यायची, लग्नाला यायची आणि मग एकदम स्वतःच्या अंत्यविधीला यायची. तेव्हा मात्र वेळेवर.

बरं, जी साठ-सत्तर येत ती तरी पुढे बसावीत? छे. कॅथलिक माणूस चर्चमध्ये शिरला की आधी शेवटचं बाक शोधतो. पहिल्या बाकावर बसायची वेळ आयुष्यात दोनदा येते, लग्नात आणि घरात कुणी गेलं तर, आणि दोन्ही वेळा बिचारा नाइलाजाने बसतो. त्यामुळे वेदीवर उभ्या असलेल्या फादरांना दिसायची ती नुसती लाकडं. पार मागे भिंतीला चिकटून काही माणसं आहेत असा अंदाज यायचा, एवढंच.

"तर माझा बेत ऐका," मिस्त्री म्हणाले. "मागची सगळी बाकं बाहेर काढायची. पॉलिशला नेली म्हणून सांगायचं. आणि चर्चच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक भिंत उभी करायची. झालं अर्धं चर्च. साठ-सत्तर माणसांत गच्च भरतं की नाही बघा."

फादर सरळ मार्गाचे होते. कुणी सहज 'कसं काय' विचारलं तरी ते गुडघेदुखीपासून खरं खरं सांगत. ते चाचरत म्हणाले, "पण मिस्त्री, हे खोटं नाही का होणार?"

"भिंत खोटी कशी असेल फादर? खरीच असणार. प्लायवूडची."

फादरांनी मनातल्या मनात दहाही आज्ञा तपासल्या. भिंतीविषयी कुठे काही सापडेना. "बरं," ते म्हणाले, "पण जमिनीला भोक पाडायचं नाही. त्या फरश्या फार जुन्या आहेत."

"मग भिंत कशावर उभी राहणार?" बाईंनी विचारलं.

"टेकूवर," मिस्त्री म्हणाले. "मागच्या बाजूने चार टेकू. माझं काम आजवर पडलेलं नाही, बाई."

"म्हणूनच विचारतेय," बाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मिस्त्रींचा मेहुणा टेम्पो घेऊन आला. हा मेहुणा स्वतःच्या लग्नानंतर चर्चची पायरी चढला नव्हता. बहिणीने विषय काढला की म्हणायचा, "देवाला माझा पत्ता माहीत आहे." बाकं टेम्पोत चढवताना त्याने विचारलं, "दाजी, एवढी बाकं कुठे?"

खरं तर 'पॉलिशला' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण मिस्त्रींना आपल्या युक्तीचा इतका अभिमान वाटत होता, की ती पोटात राहीना आणि ओठांवर येऊ देता येईना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, डोळा बारीक केला आणि आवाज खाली आणला. "कुणाला बोलू नकोस. उद्या बिशप यायच्या आत ही बाकं इथून गेलेली पाहिजेत. चर्चचं उद्या काय होणार ते तू बघशीलच."

मेहुण्याने बाकं मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये उतरवली आणि थेट चहाची टपरी गाठली. कुणाला बोलायचं नव्हतं, म्हणून त्याने फक्त टपरीवाल्याला सांगितलं. नव्या बिशपने चर्च बंद केलं, उद्या कुलूप लावायला येतोय, बाकं आजच उचलली, मी स्वतः वाहिली, हे बघ हात. टपरीवाल्याकडून ते न्हाव्याकडे गेलं आणि न्हाव्याकडून गावभर. दुपारी चर्चच्या जागी दुकान येणार होतं. संध्याकाळपर्यंत दुकान रद्द होऊन जिम आलं होतं, आणि वेदी होती तिथे धावायचं मशीन बसणार हेसुद्धा पक्कं झालं होतं.

आणि गंमत बघा. जी माणसं वर्षानुवर्षं चर्चकडे फिरकली नव्हती, त्यांचंच रक्त सगळ्यांत जास्त तापलं. "माझ्या आईबापांचं लग्न लागलं तिथे," एक म्हणाला. "माझा पोरगा तिथे बाप्तिस्म्याच्या पाण्यात किती रडला होता," दुसरा म्हणाला. पोरगा आता टकला झाला होता, पण बापाला कालच रडल्यासारखा आठवत होता. "विचारलं का आम्हाला? कोण लागून गेला हा बिशप?" ठरलं. उद्या सगळ्यांनी जायचं आणि जाब विचारायचा.

मिस्त्रींना याचा पत्ताच नव्हता. ते भिंत बांधण्यात गर्क होते. आणि भिंत झाली तीही अशी, की विचारू नका. वेदीच्या बाजूने खऱ्या भिंतीच्याच रंगाचा हात, खाली तशीच पट्टी, मधे एक दार, दाराला आतून कडी. मागच्या रिकाम्या अर्ध्या भागातून आवाज घुमेल म्हणून त्यांनी दोन प्लायच्या मधे घरातल्या जुन्या गाद्या ठासल्या. मागे कुणी ढोल बडवला तरी पुढे पत्ता लागू नये अशी. संध्याकाळी बायको डबा घेऊन आली. तिने पुढून पाहिलं, निरखून पाहिलं आणि विचारलं, "ही भिंत आधीपासून होती का हो?"

मिस्त्रींना आयुष्यात बरीच शाबासकी मिळाली होती. पण असं कुणी बोललं नव्हतं. त्या दिवशी जेवण त्यांना दोन घास जास्त गेलं.

"पण या गाद्या कुठल्या घेतल्यात?" बायकोने विचारलं.

"जुन्या."

"पाहुण्यांच्या?"

मिस्त्री पुन्हा रंगाच्या डब्याकडे वळले.

रविवारी सकाळी ते भिंतीतल्या दारापाशी इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. नेहमीची मंडळी येऊ लागली. मुख्य दारातून आत आली, रिकामा अर्धा भाग पाहून चपापली आणि मिस्त्री त्यांना एकेक करून पुढे सरकवू लागले. "पॉलिशला दिलीत बाकं. पुढे चला. आणखी पुढे. अहो, देव चावत नाही."

पोस्टमास्तर आले आणि जागच्या जागी थबकले. "माझा खांब कुठे आहे?"

"खांब भिंतीच्या मागे गेला, साहेब. आज एक दिवस पुढे बसा."

"मी पुढे बसत नाही."

"आज सगळेच पुढे आहेत. म्हणजे पुढे कुणीच नाही असं समजा."

पोस्टमास्तरांना हे कळलं नाही, पण वाद घालायला टेकायला काहीतरी लागतं, आणि त्यांचा खांबच नव्हता. ते कुरकुरत दुसऱ्या बाकावर बसले. शेवटी बाकं खचाखच भरली. मांडीला मांडी लागली. इतकी वर्षं एकमेकांना लांबून मान हलवणारी माणसं पहिल्यांदाच जवळून दिसली आणि कोण किती म्हातारं झालंय ते सगळ्यांना कळलं. मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं. दाराच्या फटीतून रिकामा भाग बिशपांना दिसला तर सगळंच मुसळ केरात. त्यांनी हळूच दार लावलं आणि कडी घातली.

मुख्य दाराची दुरुस्ती चालू आहे असं सांगून बिशपसाहेबांना वेदीमागच्या खोलीतून आत आणलं होतं. ही थाप मिस्त्रींनी मारली होती, कारण फादरांना जमली नसती. बिशपसाहेब वेदीवर आले, त्यांनी समोर पाहिलं आणि हसले. फोटोतल्यापेक्षा चांगले हसले. ऑर्गन सुरू झाला, लोक गायला लागले आणि चर्च इतकं दणाणलं, की मिस्त्रींच्या अंगावर काटा आला. शेवटच्या बाकामागे, आपल्याच भिंतीला पाठ टेकून ते उभे होते. वडील असते तर काय म्हणाले असते, हाच विचार मनात येत होता. डोळे भरून आले म्हणून त्यांनी वर छताकडे बघितल्यासारखं केलं.

आता भिंतीच्या पलीकडे काय चाललं होतं ते सांगायला हवं.

चर्चमागच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी आणखी एक मिस्सा होत असे. मोठ्या इस्पितळातल्या परगावच्या नर्सेस आणि नव्या इमारतींवर काम करणारे मजूर तिला येत. आपल्या भाषेत गात, टाळ्यांचा ठेका धरत. सकाळच्या मंडळींना हे माहीत होतं, पण ते मोजण्यातलं वाटत नसे. बाई म्हणत, "सूर बरा आहे, ठेका फार आहे." मिस्त्रींनी साठ-सत्तर म्हटलं तेव्हा त्यांच्याही डोक्यात ही माणसं आली नव्हती. फादरांनी मात्र सरळपणे त्यांनाही सांगितलं होतं, बिशप येणार, सकाळी या. ती सगळी आली, फक्त जरा उशिरा. रात्रपाळी संपवून नर्सेस आल्या, धुतलेले कपडे घालून मजूर आले, बायकापोरं आली. बघतात तर समोर भिंत, भिंतीत दार आणि दाराला आतून कडी. एकदोघांनी हलकेच ठोठावलं. गाद्यांनी आवाज गिळला. मग ती माणसं तिथेच उभी राहिली, रिकाम्या फरशीवर, गुपचूप, हात जोडून.

त्यांच्या मागोमाग आली ती जाब विचारणारी मंडळी. पुढे मेहुणा. त्याने बाकं नसलेली जमीन पाहिली, कच्चं प्लायवूड पाहिलं आणि ओरडला, "बघा, जिमचं काम सुरूसुद्धा झालं."

त्यांनी दार ठोकलं, लाथा मारल्या. आत ऑर्गन चालू होता. कडी मिस्त्रींच्या हातची, ती कसली हलते. मेहुण्याने इकडेतिकडे बघितलं. दार फोडायला एखादं लाकूड हवं होतं. भिंतीला टेकवलेली चांगली चार लाकडं समोर होती. त्यातलं एक त्याने ओढून काढलं. ते हातात थोडं हलकं वाटलं म्हणून दुसरं काढलं.

आत बिशपसाहेब प्रवचनाच्या चौथऱ्यावर उभे होते. "मला सांगितलं होतं," ते म्हणत होते, "की इथे आता कुणी येत नाही. आज मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतोय. चर्च लहान आहे, पण भरलेलं आहे."

मिस्त्रींची छाती फुगली. त्यांनी समाधानाने पाठ जरा जास्तच रेलली, आणि पाठीला काही लागेना.

भिंत मागे चालली होती. सावकाश, अदबीने, एखादी जाडजूड बाई आरामखुर्चीत बसते तशी. मिस्त्री कसेबसे सावरले. पलीकडे गलका उठला, पण मजुरांना भिंती पडताना बघायची सवय होती. "धरा," कुणीतरी म्हणालं आणि वीसेक हात एकदम वर गेले. त्यांनी भिंत अल्लद झेलली आणि जमिनीवर आडवी ठेवली. एक टवका उडाला नाही. त्या गोंधळातही मिस्त्रींच्या मनात आलं, कामाची माणसं आहेत.

भिंत होती तिथे आता शेकडो माणसं उभी होती. पुढे नर्सेस आणि मजूर, त्यांच्यामागे गावभरची न येणारी मंडळी, आणि सगळ्यांत पुढे, दोन्ही हातांत दोन टेकू घेतलेला मेहुणा. तो बिशपांना जाब विचारायला आला होता, पण वेदी समोर दिसताच त्याचा एक हात आपोआप कपाळाकडे गेला. क्रूसाची खूण करताना टेकू शेजारच्याला लागला.

बिशपसाहेब चौथऱ्यावरून खाली उतरले आणि मधल्या वाटेने चालत शेवटच्या बाकापर्यंत आले. चेहऱ्यावर आता हसू नव्हतं.

"तुम्ही कोण?" त्यांनी पुढे उभ्या असलेल्या एका नर्सला विचारलं.

"आम्ही इथल्याच, बिशपसाहेब. दुपारच्या मिस्सेला येतो."

"मग आत का नाही आलात?"

"दार बंद होतं." ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, आज आमची जागा इथे ठेवलीय."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. म्हणूनच ते मिस्त्रींच्या काळजात रुतलं. इतक्या वर्षांत त्यांनी बाकाच्या प्रत्येक सांध्यावरून हात फिरवला होता, आणि या माणसांपैकी एकाचंही तोंड त्यांना ओळखीचं नव्हतं.

"ही भिंत कुणी घातली?" बिशपांनी विचारलं.

फादर जागेवरून उठले. खरं बोलताना त्यांचे कान लाल होत, तसे ते झाले होते. मिस्त्रींनी ओळखलं. फादर आता सगळं सांगणार. इथे कुणी येत नाही, रिकामं चर्च लपवायला भिंत घातली, मागे उभे आहेत त्यांतले अर्धे एरवी इकडे फिरकतही नाहीत. झालं मग. पुढच्या रविवारी कुलूप.

"बिशपसाहेब," फादरांनी सुरुवात केली, "खरी गोष्ट अशी आहे की..."

ऑर्गनमधून असा काही प्रचंड आवाज निघाला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बाईंनी दोन्ही कोपरं पट्ट्यांवर ठेवली होती. "माफ करा," त्या शांतपणे म्हणाल्या, "हात निसटला." आणि चष्म्यावरून त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. चाळीस मुलांच्या वर्गात जो एक मुलगा उभा राहायला हवा, त्याच्याकडे बघतात तसं.

मिस्त्री पुढे झाले. "भिंत मी घातली."

"तुम्ही?"

"हो. दारही मीच लावलं. कडी मीच घातली. फादरांचा यात काही हात नाही."

"का?" बिशपांनी विचारलं.

खरं उत्तर मिस्त्रींच्या जिभेवर होतं. ते दिलं असतं तर त्यांची इभ्रत वाचली असती आणि चर्च गेलं असतं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. नर्सेस पाहत होत्या, पोस्टमास्तर पाहत होते, बायको पाहत होती. गरिबांना बाहेर ठेवणारा माणूस म्हणून आपलं नाव आता गावभर होणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. ज्याची मान जन्मभर ताठ होती त्याने ती खाली घातली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. त्यापुढे एक शब्द बोलले नाहीत.

बिशपसाहेब लोकांकडे वळले. "हे चर्च पुलापलीकडे जोडायचं माझ्या मनात होतं," ते म्हणाले. "आता नाही. इतकी माणसं असलेलं चर्च कोण बंद करेल? फक्त इथली दारं उघडी ठेवायला कुणीतरी लागेल." ते मिस्त्रींना म्हणाले, "ते तुम्ही करायचं. दर रविवारी मुख्य दारात उभं राहायचं आणि येईल त्याला हात धरून आत आणायचं. जमेल?"

"जमेल," मिस्त्री पुटपुटले.

"आता सगळ्यांनी आत या," बिशप म्हणाले. बाकं कमी होती, माणसं जास्त, म्हणून निम्मं चर्च उभं राहिलं. मिस्सा संपताना नर्सेसनी त्यांचं गाणं म्हटलं. बाईंनी कुणीही न सांगता ऑर्गनवर साथ धरली, ठेक्यासकट.

बाहेर आल्यावर पोस्टमास्तरांनी मिस्त्रींना पाहून तोंड फिरवलं. आणखी तिघाचौघांनी फिरवलं. मिस्त्री सरळ त्या नर्सपाशी गेले. "पोरी, राग मानू नकोस. पुढच्या रविवारी सकाळीच या सगळे. पुढची बाकं तुमच्यासाठी राखून ठेवतो."

"पुढची?" ती दचकली. "नको हो काका. आम्हाला मागेच द्या."

मिस्त्रींना पहिल्यांदाच खात्री पटली, की ही माणसं अस्सल आपली आहेत.

घरी जाताना बायको म्हणाली, "खरं सांगायचं होतंत. लोक काय काय बोलतायत."

"खरं सांगितलं असतं तर चर्च गेलं असतं."

"हो, पण तुमच्यावर..."

"बोलू दे. चार दिवस बोलतील." ते दोन पावलं चालले. "भिंत बघितलीस ना? एवढी आडवी झाली, पण एक सांधा हलला नाही."

"बघितली," बायको म्हणाली आणि भर रस्त्यात तिने त्यांचा हात धरला. "आता गाद्या घरी आणा."

पुढच्या रविवारी बाकं जागेवर होती आणि मिस्त्री मुख्य दारात. कोरा शर्ट, विंचरलेले केस, पुढे केलेला हात. शिक्षा भोगायला आलेला माणूस कुणी म्हटलं नसतं, यजमानच वाटत होते. नेहमीची साठ-सत्तर मंडळी आली. पोस्टमास्तरांनी हात मिळवला नाही, पण खांब पाहून त्यांचा चेहरा उजळला. मग नर्सेस आल्या, मजूर आले, पोराबाळांसकट आले. मिस्त्रींनी प्रत्येकाला हात धरून आत नेलं, नावं विचारली, दोनतीन चुकवली आणि पुन्हा विचारली. सगळे मागे बसले. मागची बाकं भरली म्हणून काहींना नाइलाजाने मधे बसावं लागलं. अर्धं चर्च भरलं होतं, आणि या वेळी भिंत न घालता. मिस्त्रींना बाकं बनवणाऱ्या आपल्या वडिलांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

राहिली होती ती गावभरची मंडळी, चर्च वाचवायला आलेली. त्यांच्यातलं एकही माणूस दिसत नव्हतं. आत ऑर्गन सुरू झाला. मिस्त्री दार ओढून घेणार, तोच रस्त्यावरून मेहुण्याचा टेम्पो आला आणि दारासमोर मंदावला.

मिस्त्रींचा चेहरा खुलला. दोन पायऱ्या उतरून त्यांनी हात पुढे केला. "ये ये. आत्ताच सुरू झालंय. जागा आहे."

"नाही हो दाजी, आज मॅच आहे," मेहुणा खिडकीतून म्हणाला. मग मिस्त्रींचं तोंड उतरलेलं पाहून त्याला वाईट वाटलं. "पण तुम्ही काळजी करू नका. आम्ही आहोत ना चर्चच्या पाठीशी. परत कधी बंद करायला निघाले, की नुसता एक फोन करा. गाव गोळा करून आणतो."

टेम्पो निघून गेला. मिस्त्रींनी पुढे केलेला हात मागे घेतला, तो खिशात घातला आणि फोन जागेवर आहे ना, एवढं चाचपून बघितलं.